काचेवरील अदृश्य थर : प्रकाशीय लेपांचे प्रकार आणि उपयोग

ग्रामपंचायतीचे कार्यालय, शाळेचे छप्पर, शेतातील विहिरीचा काठ अशा ठिकाणी बसविलेली सौर पॅनेल आता राज्याच्या ग्रामीण भागात नवलाची राहिलेली नाहीत. त्यांपैकी पुष्कळ पॅनेलांचा रंग गडद निळा असतो. हा रंग कोणी मुद्दाम दिलेला नसतो आणि तो सिलिकॉनचाही नव्हे. सिलिकॉन दिसावयास धातूसारखे करडे व चकचकीत असते. गुळगुळीत केलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर सूर्यप्रकाश पडला, तर त्यातील सुमारे एक तृतीयांश प्रकाश तेथूनच परत फिरतो व विजेच्या दृष्टीने वाया जातो. ही हानी टाळण्यासाठी चकतीवर सिलिकॉन नायट्राइड या पदार्थाचा एक थर चढविलेला असतो. त्याची जाडी सुमारे ७५ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाच्या केसाच्या जाडीशी तुलना केली, तर हा थर केसाच्या सुमारे हजाराव्या भागाइतका भरेल. पॅनेलचा निळा रंग हा या थराचा परिणाम होय.

प्रकाशाचे वर्तन बदलण्यासाठी काचेवर, प्लॅस्टिकवर किंवा धातूवर दिलेल्या अशा सूक्ष्म थरांना प्रकाशीय लेप असे म्हणतात. चष्म्याचे भिंग, शाळेतील सूक्ष्मदर्शक, दंतवैद्याचा दिवा, भ्रमणध्वनीचा पडदा, पाचशे रुपयांची नोट आणि खगोलशास्त्रज्ञांची दुर्बीण या सर्वांत ते असतात. काच डोळ्यांना दिसते, लेप दिसत नाही. त्यामुळे काच पुसताना लेप घासला जातो, भिंग विकत घेताना लेपाच्या नावाखाली नको ती किंमत दिली जाते आणि सूर्यग्रहणाच्या वेळी भलत्याच काचेवर विश्वास ठेवून डोळे गमावण्याची पाळी येते. यास्तव या लेपांचे प्रकार, त्यांचे कार्य आणि त्यांची निगा यांची माहिती असणे केवळ विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुरते मर्यादित राहू नये.

काचेवर पडलेल्या प्रकाशाचे काय होते?

कोणत्याही पदार्थावर पडलेल्या प्रकाशाला तीन वाटा असतात. काही प्रकाश परत फिरतो, काही आरपार जातो आणि काही पदार्थात शोषला जातो. या तिन्हींची बेरीज नेहमी पडलेल्या प्रकाशाइतकीच असते. प्रकाशीय लेप नवा प्रकाश निर्माण करीत नाही. तो या तीन वाटांतील वाटणी बदलतो. लेपांचे सर्व प्रकार या एका सूत्रात बसतात.

साध्या काचेच्या एका पृष्ठावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. काचेला दोन पृष्ठे असल्यामुळे हे प्रमाण सुमारे आठ टक्के होते. रात्री दिवा लावलेल्या खोलीतून खिडकीच्या काचेकडे पाहिले, की स्वतःचेच प्रतिबिंब दिसते, ते या परावर्तनामुळे. खिडकीपुरता हा तोटा किरकोळ आहे. तथापि कॅमेरा किंवा दुर्बीण यांत अनेक भिंगे एकापुढे एक बसविलेली असतात. दहा सुटी भिंगे असलेल्या उपकरणात वीस पृष्ठे होतात. प्रत्येक पृष्ठावर चार टक्के प्रकाश गमावला, तर अखेर शंभरापैकी सुमारे चव्वेचाळीस भागच पलीकडे पोहोचतात. शिवाय परत फिरलेला प्रकाश भिंगांमध्ये इकडून तिकडे आपटत राहतो आणि चित्र पांढुरके, धूसर करतो. म्हणून अशा उपकरणात लेपाला भिंगाइतकेच महत्त्व आहे.

साबणाचा फुगा आणि दोन तरंगांची गाठ

इतका पातळ थर प्रकाशावर एवढा परिणाम कसा करतो, याचे उत्तर साबणाच्या फुग्यात सापडते. फुग्यावर दिसणारे हिरवे, गुलाबी, पिवळे पट्टे साबणात मिसळलेल्या कोणत्याही रंगाचे नसतात. फुग्याच्या पातळ पडद्याच्या बाहेरील पृष्ठावरून काही प्रकाश परततो आणि आतील पृष्ठावरूनही काही परततो. हे दोन तरंग एकत्र येतात. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या उंचवट्याशी जुळला, तर प्रकाश वाढतो. एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्याशी जुळला, तर दोघे एकमेकांना मारून टाकतात. या घटनेस व्यतिकरण असे म्हणतात. पडद्याची जाडी ठिकठिकाणी वेगळी असल्याने कोठे एक रंग वाढतो, तर कोठे दुसरा नाहीसा होतो. पावसाळ्यात ओल्या डांबरी रस्त्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर दिसणाऱ्या रंगांचे कारणही हेच होय.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. तारेचे एक कडे साबणाच्या पाण्यात बुडवून उभे धरावे. पाणी खाली ओघळू लागते, तसतसा वरचा भाग पातळ होत जातो आणि रंगांचे आडवे पट्टे खाली सरकताना दिसतात. फुटण्यापूर्वी कित्येकदा वरचा भाग काळा दिसतो. तेथे पडदा फाटलेला नसतो. तो इतका पातळ झालेला असतो, की दोन्ही पृष्ठांवरून परतणारे तरंग जवळजवळ पूर्णपणे एकमेकांना नाहीसे करतात. पाण्याचा पडदा तेथे असूनही तो प्रकाश परत करीत नाही. परावर्तन थांबविणाऱ्या लेपाचे तत्त्व या काळ्या पट्ट्यात डोळ्यांनी पाहावयास मिळते.

परावर्तनरोधी लेप

या तत्त्वावर आधारलेला पहिला महत्त्वाचा प्रकार म्हणजे परावर्तनरोधी लेप. लेपाची जाडी अशी ठेवतात, की त्याच्या वरच्या पृष्ठावरून परतणारा तरंग आणि खालच्या पृष्ठावरून परतणारा तरंग यांच्यात अर्ध्या तरंगलांबीचा फरक पडावा. खालचा तरंग लेपातून जाऊन परत येत असल्यामुळे लेपाची जाडी, लेपाच्या आतील तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवली की पुरते. डोळ्यांना सर्वांत तेजस्वी भासणाऱ्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर आहे. मॅग्नेशियम फ्लोराइड या पदार्थाचा अपवर्तनांक १.३८ आहे. गणित केले असता लेपाची जाडी सुमारे १०० नॅनोमीटर येते. एवढ्या एका थराने काचेच्या पृष्ठावरील परावर्तन चार टक्क्यांवरून सव्वा टक्क्याच्या आसपास उतरते. नाहीशा झालेल्या परावर्तनाचा प्रकाश नष्ट होत नाही. तो काचेतून पलीकडे जातो. वर सांगितलेल्या वीस पृष्ठांच्या उपकरणात अशा लेपामुळे शंभरापैकी सुमारे सत्त्याहत्तर भाग प्रकाश पोहोचतो. अनेक थरांचे लेप दिल्यास हे प्रमाण नव्वदाच्याही पुढे जाते.

या शोधाची सुरुवात जुन्या, डागाळलेल्या काचांपासून झाली. १८८६ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना असे आढळले, की हवेने पृष्ठ मलूल झालेली काच स्वच्छ नव्या काचेपेक्षा अधिक प्रकाश पलीकडे जाऊ देते. मलूल झालेला पातळ थर हाच निसर्गाने दिलेला लेप होता. १९३५ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीत काम करणारे अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पात्रात भिंगांवर असा थर चढविण्याची पद्धत सिद्ध केली. लष्करी दुर्बिणींसाठी ती इतकी मोलाची ठरली, की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती गुप्त राखण्यात आली. १९३८ मध्ये अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट या शास्त्रज्ञ महिलेने काचेवर बेरियम स्टिअरेटचे एकेका रेणूच्या जाडीचे चव्वेचाळीस थर बसवून जवळजवळ परावर्तनरहित काच तयार करून दाखविली. ते थर हाताने पुसले जातील इतके नाजूक होते. पुढे टिकाऊ पदार्थांनी त्यांची जागा घेतली.

चष्म्याच्या भिंगावर असा लेप असल्यास रात्री समोरून येणाऱ्या वाहनांच्या दिव्यांची दुहेरी प्रतिबिंबे कमी होतात आणि पाहणाऱ्यास चष्मा घातलेल्या व्यक्तीचे डोळे स्पष्ट दिसतात. सौर पॅनेलमध्ये हा लेप दोन ठिकाणी असू शकतो : एक आतील सिलिकॉनवर आणि दुसरा वरच्या काचेवर. काचेवरील सच्छिद्र सिलिकाच्या लेपामुळे आत जाणारा प्रकाश सुमारे दोन ते तीन टक्क्यांनी वाढतो. हा आकडा लहान वाटला, तरी पॅनेलचे आयुष्य सुमारे पंचवीस वर्षांचे धरले जाते. तेवढ्या काळात मिळणाऱ्या जादा विजेचा विचार केल्यास काचेवरील या थराची किंमत ध्यानी येईल.

परावर्तक लेप : आरशाच्या पाऱ्यापासून सोन्यापर्यंत

दुसरा प्रकार याच्या अगदी उलट, म्हणजे शक्य तितका प्रकाश परत पाठविणारा. बोलीभाषेत आजही आरशाचा पारा उडाला असे म्हणतात. पूर्वी काचेच्या मागे कथील व पारा यांचे मिश्रण लावीत असत, त्याची ही आठवण होय. पाऱ्याच्या वाफेने कारागिरांच्या प्रकृतीवर घातक परिणाम होत असे. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिग यांनी काचेवर रासायनिक क्रियेने चांदीचा थर बसविण्याची रीत शोधली आणि कालांतराने पारा मागे पडला. घरातील आरशात हा थर काचेच्या मागे असतो व त्यावर रंगाचे संरक्षक आवरण असते.

दुर्बिणीच्या आरशात मात्र लेप काचेच्या पुढील पृष्ठावर द्यावा लागतो. अन्यथा काचेमुळे दुसरे फिकट प्रतिबिंब उमटते. चांदी सर्वांत अधिक दृश्य प्रकाश परत करते, परंतु हवेत लवकर काळवंडते. ॲल्युमिनियम सुमारे नव्वद टक्के प्रकाश परत करते आणि हवेत त्यावर आपोआप तयार होणारा ऑक्साइडचा पारदर्शक थर त्याचे रक्षण करतो. अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेच्या शंभर इंची दुर्बिणीच्या आरशावर १९३५ मध्ये चांदीऐवजी ॲल्युमिनियमचा लेप देण्यात आला आणि जगभर तीच प्रथा रूढ झाली. तमिळनाडूतील कावलूर येथे १९८६ मध्ये कार्यान्वित झालेल्या २.३४ मीटर व्यासाच्या वेणू बाप्पू दुर्बिणीच्या आवारातच आरशावर ॲल्युमिनियमचा लेप देण्याची सोय आहे. कारण धूळ व दमटपणा यांमुळे लेप मंदावतो आणि ठरावीक काळाने जुना लेप धुऊन काढून नवा द्यावा लागतो. काच तीच राहते, लेप बदलतो.

अवरक्त किरणांसाठी सोने श्रेष्ठ ठरते. २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात सोडण्यात आलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या अठरा षट्कोनी आरशांवर सोन्याचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा लेप आहे. साडेसहा मीटर व्यासाच्या या संपूर्ण आरशासाठी लागलेले सोने पन्नास ग्रॅमपेक्षाही कमी आहे.

अनेक थरांचे आरसे

धातू कितीही चांगला असला, तरी तो काही प्रकाश शोषून घेतोच. लेसरसारख्या तीव्र प्रकाशापुढे एवढ्या शोषणानेही आरसा तापतो व बिघडतो. म्हणून तिसऱ्या प्रकारात धातूचा वापर टाळून अधिक व कमी अपवर्तनांकाच्या दोन पारदर्शक पदार्थांचे थर आलटून पालटून दिले जातात. टिटॅनियम डायऑक्साइड व सिलिका ही अशी एक जोडी आहे. प्रत्येक थरावरून थोडाच प्रकाश परततो. परंतु जाडी बरोबर साधल्यास सर्व थरांवरून परतणारे तरंग एकमेकांना पूरक होतात आणि बेरीज ९९.९ टक्क्यांच्याही वर जाते. स्वतः पारदर्शक असलेल्या पदार्थांपासून सर्वोत्तम आरसा तयार व्हावा, ही या शास्त्रातील मोठी किमया होय.

या लेपांशी महाराष्ट्राचा निकटचा संबंध येत आहे. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात लायगो-इंडिया या गुरुत्वीय तरंगांचा वेध घेणाऱ्या प्रकल्पाच्या उभारणीस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित धरण्यात आला असून पुण्याची आयुका ही संस्था त्यात सहभागी आहे. अमेरिकेतील अशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा गुरुत्वीय तरंग टिपले. या यंत्रणेत चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजांमध्ये लेसरचा किरण आरशांवरून पुन्हा पुन्हा परतविला जातो. प्रत्येक मुख्य आरसा ३४ सेंटिमीटर व्यासाचा, २० सेंटिमीटर जाडीचा व ४० किलोग्रॅम वजनाचा असतो. त्यावरील लेप दहा लाख प्रकाशकणांपैकी एकापेक्षाही कमी शोषतो. मोजावयाचा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका असतो. तेथे लेपातील अणूंची उष्णतेमुळे होणारी थरथरसुद्धा मोजणीच्या आड येते. ही थरथर कमी करणारा लेप शोधणे हे अशा वेधशाळांच्या प्रगतीपुढील एक प्रमुख आव्हान मानले जाते.

निवड करणारे लेप

अनेक थरांच्या रचनेत फेरफार करून ठरावीक रंग परतविणारे व उरलेले जाऊ देणारे लेप तयार करता येतात. दंतवैद्याच्या खुर्चीवरील दिव्यात शीत आरसा वापरतात. तो दिव्याचा दृश्य प्रकाश रुग्णाच्या दिशेने परतवितो आणि उष्णता वाहून नेणारे अवरक्त किरण मागच्या बाजूने निघून जाऊ देतो. त्यामुळे भरपूर उजेड असूनही चेहऱ्याला चटका बसत नाही. मोठ्या इमारतींच्या खिडक्यांसाठी याच्या उलट काम करणारी काच मिळते. तिच्यावरील चांदीचा सुमारे दहा-पंधरा नॅनोमीटर जाडीचा थर उजेड आत येऊ देतो व उष्णतेचे किरण परत पाठवितो. वातानुकूलनाचा खर्च त्यामुळे घटतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील इंडियम व कथील यांच्या ऑक्साइडचा पारदर्शक थर विद्युतवाहक असतो. बोटाचा स्पर्श यंत्राला कळतो, तो त्याच्या साहाय्याने.

या प्रकाराचा सर्वांत सहज तपासता येणारा नमुना प्रत्येकाच्या खिशात असू शकतो. पाचशे रुपयांच्या नोटेवरील उजव्या कोपऱ्यातील रंग बदलणाऱ्या शाईचा आकडा नोट तिरपी करताच हिरव्याचा निळा होतो. साबणाच्या फुग्याप्रमाणेच अशा शाईतील कणांचे सूक्ष्म थर पाहण्याच्या कोनानुसार वेगळा रंग परत पाठवितात. साध्या रंगाने किंवा छायाप्रतीने हा बदल साधता येत नाही. रोख रक्कम हाताळणाऱ्यांनी नोट सरळ धरून न थांबता ती तिरपी करून पाहण्याची सवय ठेवावी, ती याकरिता.

प्रकाश रोखणारे लेप आणि सूर्यग्रहण

काही लेपांचे काम प्रकाश अडविणे हे असते. सूर्याकडे पाहण्याच्या खास चष्म्यांत ॲल्युमिनियमचा थर दिलेली प्लॅस्टिकची पातळ पटले किंवा काळा बहुवारिक पदार्थ वापरतात. या चष्म्यांसाठीच्या आयएसओ १२३१२-२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एक लाख भागांपैकी साधारणतः तीन भागांहून अधिक दृश्य प्रकाश डोळ्यांपर्यंत पोहोचता कामा नये. जंबुपार व अवरक्त किरणांवरही मर्यादा असतात. काजळी धरलेली काच, क्ष-किरण चित्राची फिल्म, गडद रंगाचा गॉगल किंवा एकावर एक घातलेले दोन-तीन गॉगल यांपैकी काहीही या कसोटीस उतरेल याचा भरवसा नाही. सूर्य डोळ्यांना मंद दिसला म्हणजे धोका टळला, असा समज घातक आहे. न दिसणारे अवरक्त किरण आत जातच राहतात. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्यामुळे इजा होत असताना ती कळत नाही. कळते तेव्हा उपाय उरलेला नसतो.

२ ऑगस्ट २०२७ रोजी, सोमवारी, सूर्यग्रहण आहे. इजिप्तसारख्या देशांतून ते खग्रास दिसेल. महाराष्ट्रातून दुपारनंतर ते खंडग्रास स्वरूपात दिसणार आहे. तो शाळेचा दिवस असल्याने शिक्षकांवर विशेष जबाबदारी येते. ग्रहणचष्मे वाटावयाचे असल्यास त्यांवर मानकाचा उल्लेख आहे काय आणि ते विश्वासार्ह ठिकाणाहून आणले आहेत काय, हे पाहावे. केवळ छापील उल्लेखावर विसंबू नये. प्रत्येक चष्मा आधी दिव्यासमोर धरावा. टाचणीच्या अग्राएवढे जरी छिद्र, घडी किंवा ओरखडा दिसला, तरी तो चष्मा फाडून टाकावा. कारण जेथे लेप गेला, तेथे संरक्षण गेले. चष्मे नसल्यास पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडून सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडावी व मुलांना सूर्याकडे पाठ करून ती दाखवावी. दाट झाडाच्या पानांमधून जमिनीवर पडणारे कवडसेही ग्रहणकाळात कोरीच्या आकाराचे दिसतात आणि त्यासाठी कोणताही खर्च येत नाही.

लेप कसे देतात?

बहुतेक लेप निर्वात पात्रात दिले जातात. पात्रातील हवा उपसून तिचा दाब वातावरणाच्या सुमारे दहा कोटींव्या भागापर्यंत खाली आणतात. मग पदार्थ विजेने किंवा इलेक्ट्रॉनांच्या झोताने तापवून त्याची वाफ करतात आणि ही वाफ वर टांगलेल्या भिंगांवर जाऊन बसते. दुसऱ्या पद्धतीत वेगवान आयनांचा मारा करून पदार्थाचे अणू उडवितात. हा थर अधिक घट्ट व टिकाऊ होतो. थराची जाडी मोजण्यासाठी पात्रात क्वार्ट्झचा एक स्फटिक ठेवतात. त्यावर पदार्थ बसू लागला, की त्याच्या कंपनांची गती घटते आणि त्यावरून एकेका नॅनोमीटरचा हिशेब लागतो. सौर पॅनेलच्या काचेसारख्या मोठ्या पृष्ठांवर द्रावण पसरून ते भाजण्याची स्वस्त रीतही वापरतात. मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आणि चंडीगढची केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संस्था या भारतीय संस्थांत पातळ थरांविषयी संशोधन झाले आहे.

खरेदी आणि निगा

चष्म्याच्या भिंगावर परावर्तनरोधी लेप आहे किंवा नाही, हे दुकानातच ओळखता येते. भिंग ट्यूबलाइटखाली धरून त्यातील नळीचे प्रतिबिंब पाहावे. साध्या भिंगात ते पांढरे व ठळक दिसते. लेप दिलेल्या भिंगात फिकट हिरवे किंवा जांभळट दिसते. निळा प्रकाश अडविणाऱ्या भिंगांविषयी मात्र सावध असावे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात सतरा चाचण्यांचा विचार करण्यात आला. संगणकावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा ताण अशा भिंगांमुळे अल्पावधीत कमी होतो, असे त्यातून दिसून आले नाही. जादा पैसे मोजण्यापूर्वी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

चष्मा कोरडाच असताना पदराने, उपरण्याने किंवा सदऱ्याच्या टोकाने पुसणे ही सार्वत्रिक सवय आहे. भिंगावरील धुळीत वाळूचे कण असतात आणि ते लेपावर ओरखडे पाडतात. भिंग प्रथम पाण्याने व सौम्य साबणाने धुवावे, मग मऊ फडक्याने टिपावे. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत चष्मा ठेवू नये. प्लॅस्टिकचे भिंग व लेप उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत आणि लेपाला जाळीदार तडे जातात.

शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांतील सूक्ष्मदर्शकांना दमट हवेचा धोका असतो. कोकणासारख्या भागात पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते व ती लेप खाऊन टाकते. बुरशी पुसली तरी तिचे व्रण राहतात. सूक्ष्मदर्शक झाकणबंद पेटीत, दमटपणा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात.

सौर पॅनेल राखेने, घासणीने किंवा तारेच्या काथ्याने कधीही घासू नयेत. सकाळी पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने व मऊ ब्रशने किंवा फडक्याने ती धुवावीत. भर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतल्यास काच तडकण्याची भीती असते. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असेल, तर ते वाळून पांढरे डाग राहतात. म्हणून पाणी काचेवर वाळू न देता पुसून घ्यावे. ग्रामपंचायतींनी पॅनेलच्या देखभालीचे काम सोपविताना या सूचना संबंधित कर्मचाऱ्यास प्रत्यक्ष दाखवून द्याव्यात.

गावाच्या वाट्याला आलेले सौर पॅनेल, शाळेला मिळालेला सूक्ष्मदर्शक आणि म्हाताऱ्या माणसाचा चष्मा यांची उपयुक्तता अशा एका न दिसणाऱ्या थरावर बरीच अवलंबून असते. हा थर बनविण्यासाठी निर्वात पात्र आणि नॅनोमीटरचा हिशेब लागतो. तो टिकविण्यासाठी थोडे स्वच्छ पाणी व मऊ फडके पुरते.